कूलर हलवल्याची हकिकत

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी वाद घालणार नाही. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. उलटतपासणीला उभा राहिलो की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार माझ्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागतो. कोर्टाच्या गॅलरीत पूर्वी पारव्यांची मोठी वस्ती होती. मला सनद मिळाली त्या वर्षी ते सगळे सहकुटुंब भातकुलीला राहायला गेले, ते अजून परतले नाहीत. एकदा एक न्यायाधीश मला म्हणाले, "वकीलसाहेब, जरा हळू. अपील नागपूरला जाऊन करायचं असतं, इथूनच ऐकवायचं नसतं."

यात दोष माझा नाही, कूलरचा आहे. होळी झाली की आमच्याकडं घरोघरचे कूलर गच्चीवरून उतरतात, नव्या वाळ्याच्या ताट्या लावून खिडकीत बसतात, आणि पाऊस पडेपर्यंत गर्जत राहतात. कूलर म्हणजे पत्र्याच्या पेटीत कोंडलेलं वादळ. वर्षाचे चार महिने त्या वादळाच्या वरताण बोलून आम्ही मीठ मागतो, गुपितं सांगतो, मुलींना पाहायला आलेल्यांची चौकशी करतो. उरलेले आठ महिने आवाज खाली आणायचं कोणाच्या ध्यानातच राहत नाही. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना वाटतं या घरात आता खून पडणार. आम्ही आपले चहात साखर किती ते विचारत असतो.

तर या आवाजाचा जगात एकाच ठिकाणी मान होता. आमच्या टीममध्ये.

मी कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळ खेळतो. चाळिशी ओलांडलेला वकील खेळतो म्हणून ज्यांना हसायचं त्यांनी इथंच हसून घ्यावं. खेळ साधा आहे. एका बेटावर तिघातिघांच्या टोळ्या उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकते. आमची टोळी अशी: एक अकोल्याचा मास्तर, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, आमचा कप्तान. दुसरी मूर्तिजापूरची ताई, माझी मावसबहीण, तिचं औषधांचं दुकान आहे. ताई बोलते कमी आणि तिचा नेम असा की डासाला विचारून डावा पंख उडवावा. तिसरा मी.

मला नेमबाजी येत नाही. आजवर माझ्या गोळीनं एक कुंपण, पाण्याची दोन पिंपं आणि एकदा खुद्द मास्तर मेला. माझं काम ओरडण्याचं. तिघं तीन गावांत, कानावर हेडफोन, तोंडाजवळ माईक. मी नकाशावर नजर ठेवून सांगायचं की शत्रू कुठून येतो आहे, कोणी कुठं दबा धरायचा, कधी पळायचं. बेटावरच्या जागांना आम्ही आमचीच नावं दिली होती. कापसासारखी पांढरी गोदामं दिसली ती 'जिनिंग'. डोंगर तो 'चिखलदरा'. नदीवरचा पूल 'पूर्णा'. झाडीतून वाकडीतिकडी जाणारी एक अरुंद वाट होती, तिच्यावर कोणी वेळेवर पोचत नसे, म्हणून आमच्याकडच्या रखडत चालणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीवरून ती 'शकुंतला'. मी "जिनिंगच्या मांगं दोघं, ताई शकुंतलेनं जाय, मास्तर तू पूर्णेवर बस" म्हणालो की वाक्य संपायच्या आत ताईनं दोघं आडवे केलेले असत.

आमची वेळ रविवारची भर दुपार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर रोजचीच. त्या वेळी वऱ्हाडात घराबाहेर फक्त ऊन असतं. मास्तर सांगायचा, अकोल्यात नळाला चहाचं आधणच येतं, नुसती पत्ती टाकायची. ताईचं दुकान दुपारी बंद. भावजी नोकरीनिमित्त बाहेरगावी, मुलगी शिकायला हॉस्टेलवर. माझी बायको लेकाला घेऊन शेंदूरजनाघाटला माहेरी, संत्र्याच्या बागेत. दोन डावांच्या मध्ये ताई लोणच्याचं प्रमाण विचारायची, मास्तर स्टाफरूममधली भांडणं सांगायचा, मी कोर्टातल्या गमती दुपटीनं फुगवून सांगायचो. खेळ हे निमित्तच होतं असं मी म्हणणार नाही, कारण हरलो की मास्तर दोन दिवस बोलत नसे. पण निमित्तही होतं.

या सुखात कूलर आडवा आला.

"अबे," मास्तर एका दुपारी म्हणाला, "तुह्या घरी हेलिकॉप्टर उतरून राहिलं का? तुह्यापेक्षा तेच जास्त बोलते."

"कूलर हाये."

"मंग बंद कर."

"बंद करू? मे महिना हाये बे! माह्या जागी उद्या चटणी सापडंल तुले."

"मंग हलव."

कूलर माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर, मागच्या अंगणात, लोखंडी स्टँडवर बसलेला. माझ्या पाठीशी त्याचं तोंड आणि माझ्या तोंडाशी माईक, म्हणजे आवाज माझ्या कानावरून वारं घालतच पुढं जायचा. हलवायचं ठरवलं. हा कूलर वडिलांच्या काळातला. तो बनवणाऱ्यानं उरलेल्या पत्र्यात एक ट्रॅक्टर बसवला असता असं म्हणतात. शेजारचे दोघं, मी आणि आमचा दूधवाला असे चौघं त्याला चिकटलो. आई दारात उभी राहून पाहत होती.

"तिथंच राहू दे," ती म्हणाली. "खाली माहा पुदिना हाये."

खरं होतं. कूलरची टाकी कित्येक वर्षं एका कोपऱ्यातून टपकत होती. तिच्या खालची जागा, घर बांधताना विजेच्या मिस्त्रीनं जिथं अर्थिंग पुरलं तो कोपरा, उन्हाळाभर ओला राहायचा. आईनं तिथं पुदिना लावला होता. सारी अमरावती करपून काळी पडली तरी तो कोपरा कोकणासारखा हिरवा. शेजारणी वाटी घेऊन यायच्या, आणि आई तोडून देताना महाराणीसारखी हसायची.

"आई, रोज एक बादली टाकीन मी पुदिन्याले," मी म्हणालो.

"तू टाकशीन?"

"शब्द देतो."

"वकिलाचा शब्द," आई दूधवाल्याकडं पाहून म्हणाली, आणि आत गेली.

कूलर घराच्या दुसऱ्या बाजूला, बैठकीच्या खिडकीत गेला. हवा दारातून फिरून माझ्या पायांपर्यंत यायची, आवाज मात्र तिकडंच अडायचा. मास्तर खूश. पहिला आठवडा आम्ही असे खेळलो की बेटावरच्या लोकांनी बेट बदललं असेल. आणि पुदिन्याचं? पहिल्या दिवशी मी बादली घातली. दुसऱ्या दिवशी केसची तारीख होती. तिसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो, उद्या. चौथ्या दिवशी आईनं विचारणंच सोडलं, आणि माझ्यासारख्या मुरलेल्या वकिलाला तेव्हाच कळायला हवं होतं की समोरचा पक्ष गप्प झाला म्हणजे तयारी करून राहिला.

मग एका दुपारी माईकमध्ये घूं घूं सुरू झालं.

आधी बारीक, डब्यात भुंगा अडकावा तसं. मग वाढत वाढत असं झालं की मी तोंड उघडण्याआधीच माझ्या नावानं ट्रान्सफॉर्मर बोलायचा.

"आता काय आणलं घरी?" मास्तर ओरडला. "पिठाची गिरणी?"

"बाबू, मले तुहा शब्दच समजून नाई राहिला," ताई म्हणाली. ताईनं आपणहून एवढं लांब वाक्य बोलणं म्हणजे प्रकरण गंभीर.

मी दुरुस्तीला लागलो. ही दुरुस्ती जर कोणी नोंदवून ठेवली असती तर इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षभर शिकवता आली असती. आधी हेडफोन बदलला. घूं तेच. माईकची पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. तेच. ड्रायव्हर काढून परत टाकला. त्यात एकदा आवाजच गेला आणि एकदा सगळा कॉम्प्युटर जर्मन भाषेत बोलायला लागला, तो कसा ते मला आजही माहीत नाही. माईकची संवेदनशीलता कमी केली, तर भुंगा तेवढाच आणि मी मात्र विहिरीत पडल्यासारखा.

मास्तरनं एक उपाय सांगितला. "बटण दाबलं तरच आवाज जाईन असं कर. बोलाचं तवा दाब, नाई तर सोड. निदान तू गप असशीन तवा तरी शांती भेटंल."

सेटिंगमध्ये बोलण्यासाठी मी एक बटण नेमलं. मला जे सोयीचं वाटलं ते नेमलं. बोट तिथंच पडायचं. का पडायचं, ते पहिल्याच डावात उमगलं. बॉम्ब फेकायचं बटणही तेच होतं. मी म्हणालो, "मास्तर, सांभाळ," आणि मास्तरच्या पायाशी बॉम्ब. मी म्हणालो, "चुकून झालं," आणि ताईच्या पायाशी बॉम्ब. "माफ करा" म्हणालो तेव्हा मी स्वतःच गेलो. अख्ख्या बेटावर शत्रूचा एक माणूस आमच्या आसपास नव्हता आणि आमची टोळी माफीतच संपली.

ताईनं दुसरा उपाय सांगितला. बाहेरचा आवाज गाळून टाकायची एक सोय असते, खूण केली की घरातला गोंगाट कमी होतो. खूण केली. गोंगाट खरंच गेला. सोबत मीही गेलो. यंत्राच्या हिशेबानं माणूस ज्या पट्टीत बोलतो त्याच्या बाहेर माझा आवाज असावा. त्यानं भुंग्याला आणि मला एकाच पोत्यात घालून बाहेर टाकलं. मी बोंबलत होतो आणि तिकडं मास्तर ताईला विचारत होता, "हा जेवायला गेला का वं?" मी कोर्टात इतकी वर्षं काढली, पण एखाद्या यंत्रानं मला कामकाजातून वगळल्याचा आदेश पहिल्यांदाच ऐकला.

त्यात कॉम्प्युटरचा डबाही विचित्र वागू लागला. हात लावला की बोटांना मुंग्या. आई एकदा झाडताना त्याला शिवली आणि म्हणाली, "हे झोंबते रे." मी म्हणालो, "उन्हानं." त्या महिन्यात मी प्रत्येक गोष्टीचं कारण ऊन सांगत होतो. "माहा पुदिना वाळला," आई म्हणाली. मी म्हणालो, "उन्हानं." त्यावर तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही.

त्यातच स्पर्धा सुरू होती. नेटवरच्या कोण्या मंडळींनी ठेवलेली, बक्षीस म्हणून टी-शर्ट, पण मास्तर असा पेटला की जणू पानिपत परत लढायचं आहे आणि या वेळी निकाल फिरवायची संधी आहे. पहिल्या फेऱ्या आम्ही कूलर हलवल्यानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यात पार केल्या होत्या. आता रविवारी पुढचा सामना, आणि तिघांची नावं शनिवारी पाच वाजेपर्यंत कळवायची होती. त्यानंतर बदल नाही.

"पाह्य भाऊ," मास्तर म्हणाला. तो मला भाऊ म्हणतो तेव्हा मी सावध होतो. "तुह्यावर माहा राग नाई. पण तू ओरडणारा गडी, अन् तुहं ओरडणंच ऐकू येत नाई. शनिवारपर्यंत आवाज साफ झाला तर ठीक. नाई तर माह्याजवळ एक पुण्याचा पोट्टा हाये."

"पुण्याचा?"

"आमच्या प्राचार्यांचा भाचा. घरून काम करते. त्याचा माईक असा हाये की त्यानं आवंढा गिळला तरी समजते."

शुक्रवारी त्या मुलाची परीक्षा झाली. मलाही ऐकायला बसवलं, पण माझा माईक मास्तरनं बंद करून ठेवला. मला सगळं ऐकू येणार आणि काही बोलता येणार नाही. वकिलाला याहून मोठी शिक्षा कायद्यात नाही.

मुलगा सुरुवातीलाच म्हणाला, "नमस्कार. माझा आवाज व्यवस्थित पोहोचतोय ना?" रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटलं. मग खेळ सुरू झाला. "आपल्या उजव्या बाजूला, त्या पांढऱ्या इमारतींच्या मागे, बहुधा दोन जण असावेत," तो म्हणाला. मी इकडं खुर्चीत उसळून ओरडत होतो: जिनिंग म्हण, जिनिंग! माझं कोण ऐकतो.

"जिनिंगच्या मांगं का?" ताईनं विचारलं.

"क्षमस्व, जिनिंग म्हणजे?"

"ते पांढरं गोदाम," मास्तर म्हणाला.

"अच्छा, म्हणजे तेच. हो, जिनिंगच्या मागे."

दुर्दैवानं पोरगा चांगला होता. दुसऱ्या डावात त्यानं जिनिंग आणि चिखलदरा पाठ केलं. तिसऱ्या डावात तो म्हणाला, "ताई, तुम्ही शकुंतलेनं या," आणि ताई हसली. आमचं नाव, आमची वाट, आणि त्याच्या तोंडून ती अशी स्वच्छ आली की जणू गाडीला नवा रंग दिला. त्या डावात ते तिघं शेवटच्या दोन टोळ्यांत पोचले. डाव संपल्यावर ताईनं त्याला विचारलं, "जेवण झालं का रे बाबू?"

बाबू. मी हेडफोन काढून ठेवला.

बैठकीत जाऊन मी कूलरपुढं बसलो. आई भाजी निवडत होती. "काय झालं? तोंड काहून असं करून राहिला?"

"काही नाई."

"मंग मेथी निवड."

मी निवडली. मोठ्या माणसाचा असा ऱ्हास आमच्या घराण्यात पूर्वी झाला नसावा.

शनिवार उजाडला. सकाळी कोर्ट नव्हतं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून हेडफोनच्या वायरीला चांदीचा कागद गुंडाळला, माईकवर आईच्या हातरुमालाची टोपी घातली, आणि पिनेला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. तीन वाजता आम्ही तिघं खेळात उतरलो. पुण्याचा मुलगा तिकडं तयार बसलेला.

घूंऽऽ.

"पाच वाजता नाव देतो," मास्तर एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

पहिला डाव मी हातवाऱ्यांनी खेळलो. त्याचा कोणालाही उपयोग नव्हता. दुसऱ्या डावात ताई जिनिंगमध्ये अडकली. मी ओरडून सांगत होतो की मागची खिडकी उघडी आहे, आणि तिला फक्त गिरणी ऐकू येत होती. साडेचार होऊन गेले होते. कूलर नसल्यामुळं माझ्या खोलीची खिडकी उघडी, बाहेरून भट्टीसारखा वारा. त्या खिडकीतून मला आई दिसली. हातात भरलेली बादली, कपाळावर पदर, चेहऱ्यावर हरलेल्या पक्षाचा नव्हे, तर समोरच्याची कीव आलेल्या पक्षाचा भाव. तिनं वाळलेल्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि सारी बादली एका दमात ओतली.

तिथली जमीन काळी, उन्हानं तिला अशा भेगा पडल्या होत्या की एकीत आमची मांजर गेली आणि दुसरीतून निघाली. पाणी त्या भेगांत गेलं, गटगट असा आवाज झाला, आणि माझ्या कानातलं घूं गेलं.

घुमत असलेल्या भांड्यावर कोणी तळहात ठेवावा तसं गेलं. मला वाटलं माईक मेला. मी श्वास धरून बसलो. त्या शांततेत आईचा आवाज खिडकीतून सरळ माईकमध्ये, माईकमधून अकोल्याला आणि मूर्तिजापूरला गेला.

"वकील झाला म्हणे! जगाले सल्ले देते. घरच्या पुदिन्याले बादलीभर पाणी देववत नाई. रोज तारीख, रोज तारीख. तुह्यासारख्या पोरापेक्षा हा कूलर बरा होता, टपकत तरी होता!"

 मग मास्तर म्हणाला, "काकू काहून तापल्या बे?"

"तुले ऐकू आलं?"

"शब्दन्‌शब्द आला."

ताई, जी त्या वेळी जिनिंगमध्ये चहूबाजूंनी घेरली होती, ती म्हणाली, "मावशीले विचार, पुदिना जगला का?"

मी खिडकीकडं तोंड करून ओरडलो, "आई, ताई विचारून राहिली, पुदिना जगला का!"

"ताई आली?" आईचा चेहरा उजळला. "या उन्हात? कुठं हाये?" आणि रिकामी बादली घेऊन ती फाटक उघडायला पळाली.

"मागची खिडकी, ताई!" मी तोवर ओरडलो होतो. "मागची खिडकी उघडी हाये, उडी मार, शकुंतलेनं निघ! मास्तर, चिखलदऱ्यावर एक जण झोपला हाये, तुह्या डाव्या हाताले!" हा आवाज साफ गेला. इतका साफ की मास्तरनं हेडफोन कानापासून वीतभर लांब धरल्याचं नंतर सांगितलं. ताईनं खिडकीतून उडी मारली, हवेतच वळली आणि पाठलाग करणाऱ्या दोघांना खाली पोचायच्या आत निकालात काढलं. हवेत ती बराच वेळ होती. मला तर आठवतं, ती वरतीच थांबून गोळ्या भरत होती.

डाव आम्ही जिंकला. पण माझं अर्धं डोकं त्या कोपऱ्यात होतं. शेंदूरजनाघाटला सासरे दर उन्हाळ्यात मोटारपंपाच्या अर्थिंगवर पाणी आणि मीठ टाकतात, हे मी बागेत संत्री सोलत बसून कैक वेळा पाहिलं होतं. काळी माती वाळून पुरलेल्या पट्टीपासून सुटली की अर्थिंग नावापुरतं उरतं, मोटार झटके देते. तेच माझ्या घरात झालं होतं. कूलर इतकी वर्षं माझ्या कानाशी गर्जत होता आणि खालून माझ्याच कॉम्प्युटरला पाणी पाजत होता. मी त्याला हाकललं, माती वाळली, डबा झोंबू लागला, माईक घोंगावू लागला. आई येऊन मला दुखणं सांगत होती आणि मी जर्मन ड्रायव्हर शोधत होतो.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि खड्याच्या मिठाची बरणी उचलली.

फाटकावरून परत आलेल्या आईनं मला अंगणात गाठलं. "ताई कुठं हाये?"

"मूर्तिजापूरले."

"अन् हे मीठ कुठं?"

"अर्थिंगमधी. सासरे टाकतात. विजेले बरं असते."

"माह्या पुदिन्यावर मीठ?" तिनं बरणी अशी हिसकली की मी पुढली साक्ष विसरलो. "पाण्यानं जगू पाहून राहिला बिचारा, अन् हा त्याले मीठ पाजून राहिला! सासऱ्याले सांग, त्यायच्या संत्र्यावर टाका म्हणा!"

तडजोड झाली. मीठ नाही, नुसतं पाणी, पण रोज. आणि बादली मीच घालायची, तिच्या नजरेसमोर. यात अपिलाची सोय ठेवली नव्हती.

पाचला थोडा अवकाश होता. मी धापा टाकत परत खुर्चीत आलो आणि हेडफोन चढवला. तिकडं मास्तर, ताई आणि तो पुण्याचा मुलगा बोलत होते. मी नसताना त्यांनी त्याला आत घेतलं होतं.

"मी काय म्हणतो," मास्तर म्हणत होता, "आवाज काकूंचा सगळ्यात साफ हाये. काकूंलेच घेऊ टीममधी."

"मी ऐकून राहिलो बे," मी म्हणालो.

"ऐकूनच राहा. पुदिन्याची भानगड काय हाये?"

मी सगळं सांगितलं. माझ्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे भेगेत मांजर गेली ती बैल झाली. ताई हसत होती. पुण्याचा मुलगा अगदी शेवटी अदबीनं म्हणाला, "दादा, आमच्याकडे अर्थिंगवर मनी प्लांट आहे. तोही चालेल का?"

आता अशा माणसावर राग कसा धरायचा?

"नावं दिली," मास्तर म्हणाला.

"कोणाची?"

"ताईचं, माहं." तो थांबला. मास्तर इतिहास शिकवतो, कुठं थांबायचं हे त्याला माहीत आहे. "अन् काकूंच्या पोराचं. या पोट्ट्याले राखीव ठेवला. एखाद दिवशी पुदिन्याले पाणी नाई पडलं तर कामात येईन."

रविवारी दुपारी सामन्याच्या आधी मी बादली घालायला गेलो. आई ओट्यावर बसलेली.

"आधी दळण आणून दे," ती म्हणाली.

"आई, मॅच हाये!"

"मंग लवकर जाय."

मी भर उन्हात गव्हाचा डबा सायकलला बांधून गिरणीत गेलो. गिरणी घूं घूं करत होती. गिरणीवाल्यानं मला पाहून विचारलं, "वकीलसाहेब, काहून हसून राहिले?" मी पिठाचा डबा सायकलला बांधला. परत येऊन बादली ओतली, पुदिन्याला एक नवा कोंब फुटलेला पाहिला, आणि धावत जाऊन खुर्चीत बसलो.

"पाणी घातलं का?" अकोल्याहून आवाज आला.

"घातलं."

"ओरड मंग."